गिलख्रिस्ट पाहिलेले काका

आमच्या काकांना कुणावर ओरडता येत नाही. आदिलाबाद जिल्ह्याच्या बेला-जैनद पट्ट्यातल्या मराठी शाळांमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली, पण छडीचा उपयोग त्यांनी नकाशावर गोदावरी दाखवण्यापलीकडे केला नाही. वर्गात गोंधळ सुरू झाला की ते खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहायचे, गोंधळ आपसूक दमेपर्यंत. बसमध्ये रुमाल टाकून धरलेल्या जागेवर कुणी दांडगा येऊन बसला तर काका रुमाल हळूच सोडवून घेतात, "बसा, बसा, मला निर्मललाच उतरायचं हाय" म्हणतात, आणि हैदराबादपर्यंत उभ्याने जातात. निर्मल आलं की मात्र त्या माणसाची नजर चुकवून दोन जणांच्या मागे लपतात.

कापूस विकतानाही तेच. आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्याच्या वर कपात, बारा ओलांडले की सरकारी खरेदीत माल परत, हा हिशोब काकांना पाढ्यासारखा पाठ आहे. कापूस दोन दिवस अंगणात वाळवून, हातात चुरून, गालाला लावून बघूनच ते नेतात. पण खाजगी व्यापाऱ्याने गाडीत यंत्राची सळई खुपसून "मास्तर, चौदा" म्हटलं की काका म्हणतात, "चौदा तर चौदा. लिहा बाप्पा." घरी येऊन ते काकूंना सांगतात की यंदा धुकं फार होतं.

असा हा माणूस जगात एकाच माणसाला मानतो, आणि तो माणूस म्हणजे रॉय गिलख्रिस्ट.

ज्यांना हे नाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काका सांगायला लागले तर तुमची संध्याकाळ जाईल. जन्म १९३४ चा, जमैकातल्या ऊसमळ्यांच्या मुलखात, घरची गरिबी. वेगवान गोलंदाज म्हटल्यावर डोळ्यांपुढे येते ती ताडमाड उंची त्याच्याकडे नव्हती. हात लांब होते, धाव त्याहून लांब होती आणि संतापाला तर सीमारेषाच नव्हती. १९५७ साली इंग्लंडविरुद्ध तो पहिली कसोटी खेळला, आणि पुढच्या दोन वर्षांतच त्याची सगळी कसोटी कारकीर्द उरकली. १३ कसोटी, ५७ बळी. फलंदाजी सरासरी साडेपाचच्या आसपास, म्हणजे समोरच्याने त्याला त्याचंच औषध पाजायचं ठरवलं असतं तर डोस फार वेळ चालला नसता.

१९५८-५९ च्या हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला. एका बाजूने वेस हॉल, दुसऱ्या बाजूने हा. हॉलने मालिकेत ३० बळी घेतले आणि याने चारच कसोटींत २६. कलकत्त्यात भारत एक डाव आणि ३३६ धावांनी हरला. त्या एका मालिकेत आपण चार कर्णधार बदलले: उम्रीगर, गुलाम अहमद, मांकड, अधिकारी. यातले गुलाम अहमद हैदराबादचे, त्यामुळे काका त्या पराभवाबद्दल जरा सांभाळून बोलतात. शेवटी दिल्लीला पुण्याच्या चंदू बोर्डे यांनी एका डावात १०९ आणि दुसऱ्यात ९६ काढल्या, दुसरं शतक चार धावांवर आलं असताना ते स्वयंचित झाले, आणि आपली लाज थोडीफार राहिली.

गिलख्रिस्टची खरी ख्याती बळींची नव्हती, बीमरची होती. आखूड टप्प्याचा चेंडू निदान जमिनीला विचारून वर येतो. बीमर कुणालाच विचारत नाही. हातातून सुटतो तो थेट डोक्याच्या दिशेने. अमृतसरला उत्तर विभागाविरुद्धच्या सामन्यात स्वरणजितसिंग फलंदाजीला होता. तो केंब्रिजचा, आणि वेस्ट इंडीजचा कर्णधार जेरी अलेक्झांडरही केंब्रिजचा. स्वरणजितने एक झकास चौकार मारला आणि वर "कसा वाटला?" अशा अर्थाचं काहीतरी विचारलं, असं सांगतात. गिलख्रिस्टने उत्तर चेंडूने दिलं, तेही टप्पा न पाडता, आणि एकदाच नाही. अलेक्झांडरने बजावलं, तरी हा थांबेना. मग कर्णधाराने त्याला गोलंदाजीवरूनच नव्हे, दौऱ्यावरून काढलं. संघ पुढे पाकिस्तानात गेला, गिलख्रिस्ट विमानाने घरी. वय चोविसाचं. त्यानंतर त्याला कसोटी मिळाली नाही.

आता कुणी विचारेल, जमैकाच्या या ज्वालामुखीचा आणि पेनगंगेच्या काठच्या आमच्या काकांचा संबंध काय? संबंध भारताच्या क्रिकेट बोर्डाने जोडून दिला. १९६२ च्या सुरुवातीला आपला संघ वेस्ट इंडीजला गेला आणि पाचही कसोटी हरून आला. तिथेच बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला आणि जीव वाचवण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त द्यायला फ्रँक वॉरेल पुढे आला, आपले उम्रीगर, बोर्डे, बापू नाडकर्णी पुढे आले. त्याच सामन्यात ग्रिफिथला चेंडू फेकल्याबद्दल पंचांनी नो बॉलही दिला. एवढं सगळं झाल्यावर बोर्डाच्या लक्षात आलं की आपल्या फलंदाजांना वेगाची सवय नाही. मग सवय लागावी म्हणून बोर्डाने १९६२-६३ च्या हंगामासाठी वेस्ट इंडीजचे चार वेगवान गोलंदाज पैसे देऊन बोलावले. मुंबईला चार्ली स्टेअर्स, बंगालला लेस्टर किंग, दिल्लीला चेस्टर वॉटसन. आणि हैदराबादला, म्हणजे आपल्या निजामी, नवाबी, दुपारी चहा घेतल्याशिवाय ऊन उतरत नाही असं मानणाऱ्या हैदराबादला, रॉय गिलख्रिस्ट. ज्याला चारच वर्षांपूर्वी बेशिस्तीसाठी याच देशातून घरी धाडलं, त्यालाच त्याच देशाने पगार देऊन परत आणलं, तेही शिकवायला. सरकारी खात्यात नोकरी केलेल्या कुणालाही यात विशेष वाटणार नाही.

काका तेव्हा शिकायला हैदराबादेत होते. आदिलाबादचा, मराठवाड्याचा मराठी पोरगा हैदराबादला गेला की विवेक वर्धिनी, मराठी ग्रंथसंग्रहालय आणि काचीगुड्याकडच्या कुण्या नातलगाचा ओटा, या त्रिकोणात त्याचं शिक्षण व्हायचं. काकांचंही तसंच झालं. त्यांनी फतेह मैदानावर गिलख्रिस्टला पाहिलं. फतेह मैदान म्हणजे आताचं लालबहादूर शास्त्री स्टेडियम. पाहिलं, एवढं निश्चित. कुणाविरुद्ध पाहिलं, हे मात्र ऐकणाऱ्यावर अवलंबून असतं. समोर मद्रासला राहून आलेला कुणी असला तर सामना म्हैसूरविरुद्धचा असतो, आणि म्हैसूरकडचा पाहुणा असला तर मद्रासविरुद्धचा.

धाव किती होती याबद्दलही असंच. मी लहान असताना गिलख्रिस्ट सीमारेषेपासून धावत यायचा, आणि ते खरंही असावं, जुने खेळाडू तसंच सांगतात. मी कॉलेजात गेलो तोवर तो मैदानाच्या फाटकातून निघत असे. २०१६ साली जिल्ह्याचे चार तुकडे झाले. निर्मल, मंचेरियाल, आसिफाबाद वेगळे निघाले आणि आदिलाबाद आक्रसलं. काकांनी ही भरपाई गिलख्रिस्टच्या धावेत केली. तेव्हापासून तो आबिदच्या चौकातून वळू लागला. एकदा एका जावयाला सांगताना मी ऐकलं, नामपल्ली स्टेशनवरचा हमाल बाजूला झाला म्हणून वाचला. देवाने काकांना शंभर वर्षं दिली तर गिलख्रिस्ट पेनगंगेच्या पुलावरून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने येईल, टोल न भरता.

हे ते नुसतं सांगत नाहीत, करून दाखवतात. ते जवळून बघण्यासारखं आहे. अंगण लहान, म्हणून धाव रस्त्यावरून सुरू होते. काका आधी धोतराचा सोगा मागे खोचतात, चष्मा काढून कुणाच्या तरी हातात देतात, म्हणजे पुढचं सगळं अंदाजाने. हातात लिंबू. गोलंदाज चेंडू पँटवर घासतात तसं ते लिंबू धोतरावर घासतात, डाव्या मांडीवर, आणि त्याचा वास घेतात. गिलख्रिस्ट चेंडूचा वास घ्यायचा की नाही मला माहीत नाही, पण काकांना लिंबाचा आवडतो. मग शेजाऱ्याच्या म्हशीला वळसा घालून निघतात. म्हैस एव्हाना सरावली आहे, ती मान आत घेते. फाटकातून आत येताना "नमस्कार" म्हणतात, कारण ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असतं. तुळशीवृंदावनाशी आल्यावर उजवा हात पाठीमागून गरकन फिरतो, आणि इथे, ऐन सुटण्याच्या क्षणी, काका थांबतात. लिंबू कधीच सुटत नाही. "लागंल कुणाला तरी," म्हणून ते खिशात टाकतात आणि धापा टाकत म्हणतात, "असा! असा टाकायचा! डोक्यावर!" दुपारी त्याच लिंबाचं सरबत होतं.

या विषयात काकांचा एकच कायमचा विरोधक आहे, किनवटचा मेहुणा. १९५६ ला राज्यं नव्याने आखली तेव्हा किनवट आणि राजुरा आदिलाबादमधून निघून पलीकडे गेले आणि काकांचं गाव अलीकडे राहिलं. सोयरीक तशीच राहिली, पण रणजीत मात्र फाळणी झाली. मेहुणा मुंबईचा, काका हैदराबादचे. दिवाळीच्या फराळाला दोघं समोरासमोर बसले की मेहुणा सुरुवात करतो:

"भाऊजी, त्या साली रणजी कोण जिंकलं?"

"मुद्दा तो नाही."

"मुंबईच. राजस्थानला हरवून. आमचा स्टेअर्स कुणाच्या डोक्यावर टाकत नव्हता, स्टंपावर टाकत होता."

हे खरं आहे, आणि खरं असल्यामुळे काकांना त्याचा त्रास होतो. मुंबईने १९५८-५९ पासून ओळीने पंधरा वर्षं रणजी करंडक दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. हैदराबादने तो १९३७-३८ ला जिंकला आणि त्यानंतर थेट १९८६-८७ ला. मधल्या काळात हैदराबादकडे जयसिंहा होता, अब्बास अली बेग होता, आबिद अली होता, देखणा खेळ होता, सगळं होतं, करंडक नव्हता. वर मेहुणा पंकज रॉयचं काढतो. कलकत्त्याला बंगालविरुद्ध हैदराबादकडून गिलख्रिस्ट उतरला, तेव्हा पंकज रॉयचं कसोटी क्रिकेट संपलेलं होतं, आणि वेगाला बिचकतो हा शिक्का कपाळावर होता. त्या माणसाने दोन्ही डावांत शतकं ठोकली.

"त्या दिवशी तुमचा गिलक्रिस काय करत होता, भाऊजी?"

"शिकवत होता," काका म्हणतात. "बोर्डानं त्याला त्याच्यासाठीच बोलावलं होतं. पंकज रॉय शिकला."

मला वाटतं, काकांच्या सगळ्या आयुष्यातलं सर्वांत चपळ उत्तर हेच असेल. व्यापाऱ्यासमोर असं एक जरी सुचलं असतं तर घराला स्लॅब पडला असता.

आजच्या गोलंदाजांना काका "गुणी पोरं" म्हणतात. ही त्यांची शिवी आहे. श्रीरामपूरचा झहीर खान गुणी. वलनीच्या कोळसा खाणीवरून आलेला उमेश यादव फारच गुणी. "लय चांगल्या घरचा पोरगा," असं काका खेदाने म्हणतात. शोएब अख्तर त्यांना थोडा जवळचा वाटतो, पण त्याने २००३ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध ताशी १६१.३ किलोमीटरचा चेंडू टाकला हे कुणी सांगितलं की काका बोट वर करतात. "मोजला म्हणून कळला ना? आमच्याचा मोजायला यंत्रच नव्हतं." मग जरा थांबून, "आणि यंत्राचं मला काय सांगता? यंत्र चौदा पण दाखवते."

मोहम्मद सिराजने काकांना मोठ्या अडचणीत टाकलं. पोरगा हैदराबादचा, बाप ऑटो चालवायचा, चेंडू टाकून झाला की फलंदाजाकडे खुन्नसने बघतो. डिसेंबर २०२४ मध्ये ॲडलेडला ट्रॅव्हिस हेडचा त्रिफळा उडवून सिराजने त्याला तंबूचा रस्ता दाखवला, आणि आयसीसीने सामन्याच्या मानधनातला वीस टक्के दंड ठोकला, तेव्हा काकांनी घरात पेढे आणवले. हेडने त्याआधी १४० धावा कुटल्या होत्या हा तपशील त्यांनी पेढ्याबरोबर गिळला. पण त्याच्या दोनच महिने आधी तेलंगणा सरकारने सिराजला पोलिसात डीएसपी केलं होतं. "फौजदार झालेला माणूस बीमर कसा टाकंल? स्वतःवरच गुन्हा नोंदवावा लागंल." मग ऑगस्ट २०२५ आला. ओव्हलवर इंग्लंडला थोड्याच धावा हव्या होत्या, शेवटची जोडी मैदानात, त्यातला एक जण निखळलेला खांदा गळ्यात बांधून आलेला, आणि सिराजने उरलेला त्रिफळा काढला. भारत सहा धावांनी जिंकला. सिराजचे मालिकेत २३ बळी. काका टीव्हीसमोर उभे होते, डोळे पुसत होते, आणि तशातही म्हणाले, "टाकला तो यॉर्कर. पायात. गुणी पोरगा हाय."

एवढ्या कीर्तीनंतर गावच्या पोट्ट्यांनी काकांना टेनिस बॉलच्या स्पर्धेचं प्रमुख पाहुणं केलं नसतं तरच नवल. सोयाबीन निघालेल्या वावरात खेळपट्टी केली होती. धसकटं उपटली होती, बरीचशी. माईकवर मराठी, तेलुगू आणि दखनी अशा तिन्ही भाषांत आळीपाळीने स्वागत झालं. काका बोलायला उभे राहिले आणि त्यांनी जमैकाच्या ऊसमळ्यापासून सुरुवात केली. अमृतसर येईपर्यंत आयोजकांनी आठ षटकांचा सामना सहाचा केला. फतेह मैदान आलं तेव्हा चहावाला दुसरी फेरी मारून गेला होता. मग रीत म्हणून पाहुण्यांनी उद्घाटनाचा चेंडू खेळायचा. या कामाला आमदार येतात तेव्हा गोलंदाज चेंडू असा टाकतो की तो बॅटपाशी येऊन परवानगी मागेल. पण काकांनी स्वतःच बॅट आपटली आणि ललकारलं, "टाक बाबू, जोरात टाक! गिलक्रिससारखा टाक!"

गोलंदाज दिवसभर जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलणारा पोरगा होता. मोठ्या माणसाचा शब्द मोडायचा नाही हे त्याला घरी शिकवलेलं. तो लांबून धावत आला, दवाने ओल्या झालेल्या मातीवर त्याचा पाय सरकला, आणि चेंडू टप्पा न घेता थेट काकांच्या टोपीकडे निघाला.

पुढचं फार भराभर झालं. बॅट एकीकडे, चष्मा दुसरीकडे, काका खाली. चेंडू टोपीवरून वीतभर उंचीने गेला आणि बाभळीत अडकला. सगळं वावर चिडीचूप. आणि मग खाली बसल्या बसल्या, दोन्ही हात डोक्यावर धरून, ज्या माणसाने उभ्या जन्मात आवाज चढवला नव्हता तो माणूस आदिलाबादपर्यंत ऐकू जाईल असा ओरडला:

"नो बॉल! अंपायर, नो बॉल हाय हा! असा टाकता येते का माणसावर?"

अंपायरने हात आडवा केला. नियमही तसाच आहे. कमरेवरून टप्प्याविना आलेला चेंडू आता नो बॉल असतो आणि धोकादायक चेंडू पुन्हा टाकला तर गोलंदाजाला त्या डावात गोलंदाजी करू देत नाहीत. माईकवरच्या पोराने तिन्ही भाषांत जाहीर केलं की प्रमुख पाहुण्यांना फ्री हिट मिळाला आहे. प्रमुख पाहुण्यांनी तो घेतला नाही. पोरगा रडवेला होऊन पाया पडायला आला, तर काकांनी त्याला खिशातलं लिंबू दिलं.

त्यानंतर काही दिवस गिलख्रिस्टचं नाव निघालं नाही. मग एक दिवस काकांनी सुधारित मत मांडलं. "त्या पोराचा चेंडू घसरून आला. गिलक्रिसचा घसरून नाही यायचा. तो विचार करून टाकायचा." अलेक्झांडरने त्याला नेमक्या याच कारणासाठी घरी धाडला होता, हे मी म्हटलं नाही. मेहुण्याने म्हटलं असतं.

खरा तडाखा बसला तो घरात. नात हैदराबादेत शिकते, सुट्टीला आली होती. आजोबांच्या गिलख्रिस्टबद्दल मोबाईलवर काय सापडतं ते ती मोठ्याने वाचून दाखवत होती आणि काका प्रत्येक ओळीला मान डोलावत होते. १३ कसोटी, बरोबर. अमृतसर, बरोबर. नंतर लँकेशायरच्या लीगमध्ये खेळला, बरोबर. १९६३ ला आत्मचरित्र आलं, तेही बरोबर. पुढची ओळ वाचताना नातीचा आवाज मंदावला. १९६७ साली इंग्लंडमध्ये बायकोला गरम इस्त्रीने भाजल्याबद्दल कोर्टाने त्याला दोषी धरलं. शिक्षा म्हणून नुसती काही महिन्यांची देखरेख. न्यायाधीशच म्हणाले होते की खेळात हुशार म्हणून असली जनावरं खपवून घेण्याइतका इंग्लंडमधला खेळ खाली गेला असेल, असं मानायला मन धजत नाही.

काकू आत तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्या तशाच हातात शेंग घेऊन बाहेर आल्या.

"कोण? हा तोच का? तुमचा?"

काका म्हणाले, "ते नंतरचं हाय. हैदराबादला असताना तसा नव्हता."

"तुम्ही गेले होते का त्याच्या घरी पाहायला?"

काकांना नामपल्लीपासूनची सगळी धाव उपयोगी पडली नाही. लग्न होऊन आल्यापासून काकूंनी हे नाव ऐकलं होतं. पाहुण्यांपुढे, बारशाला, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर तेराव्यालाही. चहा देता देता त्यांनी त्याला अर्धा दीर मानला होता. त्यांनी शेंग मोडली, दाणे ओंजळीत घेतले आणि निकाल दिला, "इंग्रजानं घरी धाडला ते बेस केलं. त्याच्या आधीच धाडायला पाहिजे होता." अलेक्झांडर इंग्रज नव्हता, तोही जमैकाचाच, पण ही दुरुस्ती सुचवण्याची ती वेळ नव्हती. स्वरणजित, पंकज रॉय यांच्या हातात निदान बॅट होती, एवढं मात्र मी मनात म्हटलं. काकांच्या चेहऱ्यावरून वाटलं की तेही तेच मोजत असावेत.

गिलख्रिस्ट २००१ साली जमैकात वारला. आमच्या घरात तो त्या दुपारी वारला. घराबाहेर त्याचा कारभार चालू आहे, फक्त धाव पुन्हा सीमारेषेवर आली आहे आणि गोष्ट अमृतसरलाच संपते. काका शेवटाला म्हणतात, "हात चांगला होता. माणूस बरोबर नव्हता," आणि लगेच कुणाला राग आला का ते बघतात. गेल्या हंगामात व्यापाऱ्याने पुन्हा "चौदा" म्हटलं, तेव्हा ते "पुन्हा एकदा लावून पाहा ना" एवढं बोलले. यंत्राने तेरा दाखवलं.

स्पर्धेच्या आयोजकांना एवढीच विनंती: यंदाही काकांना जरूर बोलवा, भाषणाला हवा तेवढा वेळ द्या, सामना पाच षटकांचा झाला तरी चालेल. फक्त उद्घाटनाच्या चेंडूला समोर फिरकीवाला ठेवा, आणि तो गुणी बघून ठेवा.